पूजा आणि निगा
(खंडेनवमीच्या शस्त्रपूजनप्रसंगी झालेले भाषण)



शस्त्राला देव मानणाऱ्या समाजाने शेजारच्या चीनमधील खड्गसाधनाही पाहावी. तेथे सरळ, दुधारी तलवारीस ‘जिआन’ म्हणतात आणि एकधारी, बहुधा वक्र तलवारीस ‘दाओ’.

तलवार निवडताना साधकाचा देह हेच प्रमाण असते. जिआन डाव्या हातात उलटी धरून हात खाली सोडला असता टोक निदान कानाच्या वरच्या कडेपर्यंत पोहोचावे, असा संकेत आहे. तोल मुठीकडे असावा. टोक जड असेल तर मनगट लवकर थकते. पात्याचा मुठीत शिरलेला भाग भक्कम नसेल, तर नक्षीदार तलवारही घातक ठरते. स्पर्धेतील पातळ, लवचीक पाती शस्त्रावर शस्त्र आदळण्यासाठी नसतात.

घामातील क्षारांनी पोलाद गंजते. म्हणून सरावानंतर पाते कोरड्या कापडाने पुसून त्यावर तेलाचा पातळ हात फिरवावा. चामडे ओल धरते. तलवार दीर्घकाळ चामडी म्यानात ठेवू नये.

१९६५ साली हुबेई प्रांतातील एका थडग्यात राजा गोउजिआनची काशाची तलवार सापडली. घट्ट बसणाऱ्या लाकडी म्यानात ती दोन सहस्रकांहून अधिक काळ राहिली, तरी धार शाबूत होती. आजही ती तेथील संग्रहालयात आहे.

नवमीला फुले वाहून वर्षभर शस्त्र गंजू देणारा समाज स्वतःचीच फसवणूक करतो. पूजेचे पावित्र्य रोजच्या निगेने टिकते.