शिक्षकाची शाश्वती आणि वस्तीवरची शाळा

(घोडेगाव, ता. नेवासे येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



शिक्षकांच्या मागण्यांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास ऐकू येतो : 'मास्तरांना काय कमी आहे?' घोडेगावच्या बाजारात कांदा मातीमोल भावाने विकून परतणारा शेतकरी हे विचारतो, तेव्हा त्याच्या संतापाला कारण असते. परंतु त्या संतापाचा रोख चुकीच्या जागी आहे, हे त्याला समजावून देणे आपले काम आहे.

१८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन केले. रयतेच्या घामाचा पैसा वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा आक्षेप होता. त्याच निवेदनात प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकाला निदान बारा रुपये, मोठ्या गावी पंधरा-वीस रुपये वेतन असावे, अशी मागणीही होती. शिक्षकाचे वेतन आणि रयतेचे हित यांत जोतीरावांना विरोध दिसला नाही.

आपल्या राज्यकर्त्यांना मात्र तो दिसला. २००० साली शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिक शिक्षणसेवकाला प्रारंभी दरमहा ३,००० रुपये मानधन होते. ते १६,००० होण्यास २०२३ साल उजाडले. १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने सेवेत येणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये अत्यल्प पटाच्या शाळांत १५,००० रुपयांवर कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो मागे घ्यावा लागला. निर्णय गेला, परंतु त्यामागची वृत्ती गेली असे समजू नका.

या काटकसरीची किंमत कोण मोजतो? शिक्षण हक्क कायद्याने साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेलाही दोन शिक्षक दिले आहेत. अल्प पटाच्या शाळा असतात त्या वाड्यावस्त्यांवर. तेथे शेतमजुरांची, मेंढपाळांची, ऊसतोड कामगारांची मुले शिकतात. ज्या घरात अक्षर प्रथमच शिरत आहे, त्या मुलाला ओळखणारा, टिकून राहणारा शिक्षक हवा. वर्षाच्या कराराने आलेला माणूस कितीही गुणी असला, तरी त्याचे एक पाऊल दाराबाहेरच राहते.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांना दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक ठरविले. गुणवत्तेचा आग्रह आपलाही आहे. परंतु त्या काळच्या नियमांनी नेमलेल्या शिक्षकावर सारे ओझे टाकून शासनाला प्रशिक्षणाच्या जबाबदारीतून सुटता येणार नाही. एकीकडे परीक्षा घ्यायची आणि दुसरीकडे माहिती भरण्याच्या कामांत त्याचा शिकविण्याचा वेळ खर्ची घालायचा, हा कोणता न्याय?

शिक्षक बंधुभगिनींनाही स्पष्ट सांगितले पाहिजे. मार्च २०२३ मध्ये पेन्शनसाठी संप झाला. मागणी रास्त होती. पण वस्तीवरची शाळा बंद होऊ लागली की तितक्याच त्वेषाने रस्त्यावर या. मग 'मास्तरांना काय कमी आहे' म्हणणारा शेतकरीच तुमच्या मोर्च्यात येईल.

कार्यकर्त्यांनी आरंभ शाळा व्यवस्थापन समितीपासून करावा. कायद्याने तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असतात. मंजूर पदे किती, भरलेली किती, शिक्षक वर्गाबाहेर किती दिवस होते, हे तीन प्रश्न तेथे विचारा आणि उत्तरे ग्रामसभेत मांडा. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करा, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले. २०२० च्या धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला. तो कागदावरून वस्तीवर आणण्याची लढाई शिक्षक आणि पालक यांनी एकत्रच लढावी लागेल.