आपल्या मंदिराची ध्वनिक्षेपण व्यवस्था
(जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नव्हे. तालुका कचेरीत लिपिक म्हणून नोकरी करतो. शिक्षण दहावीपर्यंत. दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली ती एवढ्याचसाठी, की जीर्णोद्धार समितीने माईक-स्पीकरचे काम माझ्याकडे सोपविले होते. कळसाचे, गाभाऱ्याचे, महाद्वाराचे काम सर्वांना डोळ्यांनी दिसते. हे काम दिसत नाही, म्हणून त्याचा हिशेब तोंडाने द्यावा लागतो.

प्रथम एका चुकीची कबुली देतो. २०१९ साली सप्ताहाच्या आधी आपण दोन मोठे बॉक्स स्पीकर घेतले, ते माझ्याच सांगण्यावरून. तो ठराव इतिवृत्तात माझ्याच अक्षरात आहे. पैसे मुंबईच्या आपल्या एका बंधूंनी श्रद्धेने दिले होते. बॉक्स आले, मंडप दणाणला, पोरे खूश झाली. तिसऱ्या दिवशी कीर्तन संपल्यावर मी वडिलांना विचारले, "कसा काय आवाज?" ते म्हणाले, "आवाज लई येतो. शब्द काही येत नाही."

वडिलांचे वय आता अठ्ठ्याहत्तर. साठ वर्षांची माळ आहे. त्यानंतर मी मागे बसून त्यांच्याकडे लक्ष ठेवू लागलो. महाराजांनी विनोदी दृष्टांत सांगितला की मंडळी हसत, आणि आमचे वडील शेजाऱ्याचे तोंड पाहून जरा वेळाने हसत. मागच्या खांबांपाशी बसणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांचे तसेच होते. कीर्तनाला येऊन ती नुसती बसून जात. ही गोष्ट माझ्या मनाला लागली.

जीर्णोद्धारानंतर हा त्रास कमी न होता वाढला. याचा दोष कोणा देणगीदाराकडे नाही. जुना मंडप लाकडी होता व बाजूंनी मोकळा होता. आवाज बाहेर निघून जाई. नवा मंडप साठ फूट लांब, बत्तीस फूट रुंद, वर स्लॅब, खाली ग्रॅनाईट, तीन बाजूंना भिंती व त्यांना फरश्या. अशा गुळगुळीत, कठीण जागेत आवाज मुरत नाही. तो एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटत राहतो, आणि पहिला शब्द विरण्याआधी दुसरा त्याच्या अंगावर येऊन पडतो. यालाच आपण आवाज घुमतो असे म्हणतो.

ही अडचण आपल्यापुरतीच नाही. माझ्या वाचनात असे आले, की १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या व्याख्यानगृहात नेमके हेच झाले होते. उच्चारलेला शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही. सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आले. त्यांनी दुसऱ्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून टाकल्या आणि किती गाद्यांनी घुमणे किती कमी होते ते रात्री-रात्री मोजले. त्यातून ध्वनीचे शास्त्र पुढे गेले. म्हणजे इलाजाची सुरुवात गाद्यांपासून झाली, यंत्रापासून नव्हे.

समितीने तीन दरपत्रके मागविली. सर्वांत वरचे ३,४०,००० रुपयांचे व सर्वांत खालचे १,८५,००० रुपयांचे. स्लॅबचा खर्च अंदाजपत्रकाबाहेर गेलेला. अध्यक्षांनी सांगितले, "पन्नास हजार आहेत. त्यात बसवा." मी ती दरपत्रके घेऊन कचेरीत डोके धरून बसलो होतो. तेव्हा माझे एक ख्रिस्ती सहकारी म्हणाले, "आमच्या देवळात हेच रडगाणे होते. रविवारी येऊन पाहा."

त्याप्रमाणे मी तालुक्याच्या गावच्या चर्चमध्ये गेलो. जुनी दगडी इमारत, उंच छप्पर, लांबट सभागृह. तेथेही पेटी, तबला व टाळ यांवर मराठी भजने होतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांची भजने आपल्या नगर भागात आजही गायली जातात. मी मुद्दाम शेवटच्या बाकावर बसलो. पाळकसाहेबांचा उपदेश शब्दन् शब्द ऐकू आला, आणि आवाज तर मोठा नव्हताच. पाहतो तो, मोठा स्पीकर एकही नाही. भिंतीच्या कडेने चार अरुंद, उभे, लांबट स्पीकर माणसांच्या जवळ लावलेले. त्यांच्या मंडळीकडेही पैसा बेताचाच होता. पाळकसाहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, "आधी तारा बघा, मग जागा बघा, विकत घ्यायचे ते शेवटी बघा." हा उपदेश मी वहीत लिहून घेतला. त्यांचे आभार या व्यासपीठावरून मानतो.

आपण काम त्याच क्रमाने केले.

पहिली गोष्ट तारांची. आपला १२० वॅटचा ॲम्प्लिफायर बिघडला, असे सगळे म्हणत. तो चांगला निघाला. घूं घूं आवाज येत होता तो अर्थिंग नसल्यामुळे व माईकची तार विजेच्या तारेला चिकटून गेल्यामुळे. वायरमनकडून स्वतंत्र अर्थिंग करून घेतले, माईकच्या तारा विजेच्या तारांपासून दूर घेतल्या आणि तीन पिनांच्या चांगल्या प्रतीच्या घातल्या. निम्मा त्रास तेथेच गेला.

दुसरी गोष्ट घुमण्याची. माता-भगिनींनी जुन्या गोधड्या दिल्या. सुताराने लाकडी चौकटी केल्या, आत गोधड्यांचे दुहेरी थर, वरून भगवी खादी. अशा आठ चौकटी मागच्या भिंतीवर आहेत. पुष्कळांना ती शोभा वाटते. ते आवाज पिण्याचे साधन आहे. समई व निरांजनापासून त्या लांब ठेवल्या आहेत, आणि लांबच राहाव्यात. खाली सतरंज्या घातल्या. मंडप माणसांनी भरला की माणसेही आवाज पितात. म्हणून रिकाम्या मंडपात परीक्षा करून निराश होऊ नये.

तिसरी गोष्ट जागेची. पूर्वी स्पीकर महाराजांच्या पाठीमागे होते. स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरे आणि माईक शिट्टी मारी. आता दोन कॉलम स्पीकर महाराजांच्या पुढे व दोन त्यापुढे पंचवीस फुटांवर खांबांना, किंचित खाली कललेले आहेत. उभा कॉलम आवाज आडवा पसरतो, छताकडे फारसा जाऊ देत नाही, हा त्याचा गुण. ध्वनी सेकंदाला सुमारे १,१२५ फूट जातो. म्हणजे पुढचा आवाज मधल्या खांबाशी यायला सेकंदाचा पंचेचाळिसावा भाग लागतो. एवढा फरक कानाला दुहेरी वाटत नाही. चारही स्पीकर मिळून ८० वॅट होतात, १२० वॅटच्या ॲम्प्लिफायरला ते सहज पेलतात. वॅट दुप्पट केले तरी कानाला आवाज थोडासाच वाढलेला वाटतो, हे मला २०१९ साली माहीत असते तर बरे झाले असते.

चौथी गोष्ट माईकची, आणि येथे थोडा रुसवाफुगवाही झाला. पूर्वी सात माईक असत. जितके माईक उघडे, तितकी शिट्टी लवकर आणि घुमणे जास्त. आता तीनच आहेत : महाराजांना, गायकांना व पेटीला. टाळाला माईक लागत नाही, तो मुळातच दणदणीत. मृदंगाचा माईक काढला तेव्हा आमचे मृदंगमहाराज दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या शिष्याला वाजवायला बसवून मी त्यांना शेवटच्या खांबापाशी नेले. ऐकले आणि म्हणाले, "थाप स्वच्छ येते की!" मोठ्या मनाचा माणूस. महाराजांना एकच विनंती असते, की माईक हातभर दूर न ठेवता वीतभर अंतरावर ठेवावा. अंतर निम्मे केले की माईकला चौपट ताकद मिळते, आणि ती फुकट.

परीक्षा अशी घेतली. जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींनी माईकवर वीस शब्द वाचले : पाट, पाठ, ताट, काठ, असे कानाला फसविणारे. मुले चार ठिकाणी पाट्या घेऊन बसली. काम सुरू करण्यापूर्वी मागच्या खांबापाशी बरोबर आले होते वीसपैकी आठ. काम झाल्यावर आले सतरा.

आता खर्च, येणेप्रमाणे : कॉलम स्पीकर चार, १४,८०० रुपये. माईक दोन, ७,२००. तिसरा आपला जुनाच. लहान मिक्सर, ७,५००. तारा, पिना व पट्ट्या, ५,६००. माईकचे स्टँड तीन, ३,३००. अर्थिंग व वायरमनची मजुरी, ४,२००. चौकटी व कापड, ३,९००. एकूण ४६,५०० रुपये. शिल्लक ३,५०० दुरुस्तीसाठी खात्यात आहेत. पावत्या विश्वस्तांकडे आहेत, कोणीही पाहाव्यात.

शिखरावरचे दोन्ही भोंगे उतरविले, याबद्दल काही मंडळी नाराज आहेत. कचेरीत अर्ज पाहणारा माणूस म्हणून सांगतो : ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, एरवीही लेखी परवानगी लागते. वस्तीत मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे सांगितले. पण कायदा बाजूला ठेवला तरी, भोंगा शाळेच्या भिंतीवर आपटून परत येई व मंडपातला शब्द बिघडवी. पहाटेचा काकडा आपले आजे-पणजे मोकळ्या गळ्यानेच म्हणत. तोही आता तसाच होतो.

देणगीदार बंधूंना हात जोडून दोन शब्द. जमिनीत पुरलेल्या अर्थिंगवर कोणाचे नाव लिहिता येत नाही. गोधडीच्या चौकटीवरही लिहिलेले नाही. ज्यांनी बॉक्स दिले होते त्या बंधूंना मी स्वतः फोन करून सर्व सांगितले. क्षणभर ते गप्प राहिले. मग म्हणाले, "माझी आई तिथेच मागे बसायची. मग ठीक आहे." ते बॉक्स आता त्यांच्या संमतीने शाळेला दिले आहेत. उघड्या मैदानावर ते उत्तम चालतात. वस्तू वाईट नव्हती, जागा चुकली होती.

गावकऱ्यांना विनंती अशी, की मिक्सरची किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे असावी. बटणे ज्या खुणेवर आहेत तेथेच ठेवावीत. आणि डाव्या हाताचा दुसरा खांब ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी मोकळा सोडावा. मागच्या पडवीत बसणाऱ्या माता-भगिनींना अजून पुरते ऐकू येत नाही, ही उणीव राहिली आहे. तेथे आणखी दोन लहान स्पीकर हवेत. ते झाल्याशिवाय माझे काम पुरे झाले, असे मी मानत नाही.

गेल्या एकादशीला वडील त्या दुसऱ्या खांबापाशी बसले होते. महाराजांनी सासू-सुनेचा दृष्टांत दिला. मंडप हसला, आणि त्याच क्षणी आमचे वडीलही हसले. त्यांनी शेजाऱ्याकडे पाहिले नाही.