शस्त्रक्रियेनंतरचे घरचे दिवस

कांहीं व्याधी अशा असतात कीं त्यांच्या वेदनेपेक्षां त्यांची लाजच माणसाला अधिक छळते. शिस्नाच्या अग्रावरील त्वचा आवळून मागें न सरणें ही त्यांपैकींच एक. अचलपूर व यवतमाळकडची शकुंतला गाडी जेथें मुख्य लोहमार्गाला येऊन मिळत असे, त्या मूर्तिजापुरासारख्या गांवीं पन्नाशी उलटलेला एखादा कारकून किंवा दुकानदार ही पीडा वर्षानुवर्षे लपवितो. लघवीला आग होते, त्वचेला भेगा पडतात. तरी तो पत्नीजवळही बोलत नाहीं. अखेरीस डॉक्टर ती त्वचा काढावयास सांगतात, तेव्हां त्याच्या मनांत येतें, 'ही तर सुंता! ती आपल्यांत कोठें असते?'

मुसलमान व कोंकणांतील बेने इस्रायल यांच्यांत सुंता हा धर्मसंस्कार आहे. या गृहस्थाच्या बाबतींत ती निव्वळ चिकित्सा होय. सुश्रुतसंहितेंत या विकाराला 'निरुद्धप्रकश' असें नांव असून, तूप लावलेली लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची नळी आंत घालावी व दर तीन दिवसांनीं ती अधिक जाड घ्यावी, असा उपाय सांगितला आहे. त्याविषयीं लिहितांना त्या वैद्यांना संकोच वाटलेला दिसत नाहीं.

अकोल्यास २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेव्हां फार दूर जावें लागत नाहीं. रोगी बहुधा त्याच दिवशीं घरीं परततो. परततांना मोटारसायकलीवर मागें बसून येण्याचा मोह टाळावा. पहिले दोन-तीन दिवस सूज व काळेनिळेपण वाढतें. त्यानें घाबरूं नये. घट्ट विजारीऐवजीं धोतर किंवा सैल लुंगी बरी. पट्टी डॉक्टरांनीं सांगितलेल्या दिवशींच काढावी, आणि ती चिकटली असल्यास कोमट पाण्यानें भिजवून. जखमेवर पिवळसर पातळ थर धरतो, त्याला पू समजून खरवडूं नये. हळद, राख असले घरगुती उपचार तर मुळींच करूं नयेत.

पहांटे झोपेंत येणारा ताठरपणा टांके ओढतो व रोगी कळवळून जागा होतो. हा शरीरधर्मच आहे. निजण्यापूर्वीं लघवी करून घ्यावी; जाग आल्यास उठून चार पावलें चालावें.

वऱ्हाडांत आजाऱ्याला पाहावयास सारी आळी लोटते. 'लहानसें ऑपरेशन झालें' एवढें उत्तर पुरे. हार्नियाचें निमित्त सांगितलें कीं पुढें वर्षभर हार्नियाच्या चौकशांना तोंड द्यावें लागतें! पत्नीला मात्र सर्व खरें सांगावें. कारण जखम वरून भरलेली दिसली तरी सुमारें सहा आठवडे संबंध टाळावा लागतो. २००७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें एच्.आय्.व्ही.चा फैलाव मोठा असलेल्या देशांना ही शस्त्रक्रिया सुचविली, तेव्हां तेथेंही सहा आठवड्यांचाच नियम सांगण्यांत आला.

रक्त येऊं लागलें तर स्वच्छ कापडानें दहा मिनिटें घट्ट दाबून धरावें. मधूनमधून उचलून पाहूं नये. तरीही तें थांबलें नाहीं, ताप आला, लाली पसरत गेली, अग्र काळवंडलें किंवा लघवी अडली, तर रात्र असो वा दिवस, रुग्णालय गांठावें. बैठें काम करणारा आठवड्याभरांत कामावर जाऊं शकतो. सायकल व ओझीं यांना मात्र विलंब करावा. टांके विरघळणारे असल्यास दोन-तीन आठवड्यांत आपोआप गळतात.

आणखी एक. प्रौढ वयांत ही त्वचा आवळूं लागते, त्याच्या मुळाशीं पुष्कळदां मधुमेह असतो, आणि रोग्याला त्याचा पत्ताही नसतो. रक्तांतील साखर तपासून घ्यावी. ती वाढलेली असल्यास जखमही सावकाश भरते. काढलेली त्वचा डॉक्टरांनीं तपासणीस पाठविली असेल, तर बरें वाटलें म्हणून तिचा अहवाल आणावयाचें राहूं देऊं नये; क्वचित् कर्करोगाची पहिली खूण तेथेंच सांपडते.