लिहून झालं, असं कोण म्हणतं?

कॅमेऱ्यातल्या एसडी मेमरी कार्डावर फोटो साठवला जातो, तेव्हा यंत्र आणि कार्ड यांच्यात मध्यस्थी करतो तो ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम. लिहिणं फसलं, तर त्यानं काय करायचं?

आधी बिघाड कुठला ते ओळखायचं. माहिती ५१२ बाइटच्या ब्लॉकमधून जाते. प्रत्येक ब्लॉकबरोबर सीआरसी नावाचा पडताळणीचा आकडा असतो. तो जुळला नाही, तर कार्ड ब्लॉक नाकारतं. हा दोष वाटेतला. संपर्क सैल असेल किंवा वेग झेपत नसेल. इथे पुन्हा पाठवणं योग्य, गरज पडली तर वेग कमी करून. पण ब्लॉक नीट पोचला आणि चिपच झिजलेली असली, तर पुन्हा पुन्हा पाठवून फारसं काही साधत नाही. तिसरा प्रकार, कार्ड ‘थांबा’ म्हणून गप्प बसतं. त्यालाही मुदत हवी. एसडीएचसी प्रकारच्या कार्डाला ड्रायव्हरनं निदान २५० मिलिसेकंद द्यावेत, असा संकेत आहे.

खरी कसोटी लागते ती एकदम शंभर ब्लॉक पाठवताना मध्येच लिहिणं तुटलं तर. किती उतरले, याचा अंदाज बांधायचा नाही. एसडी कार्डाला ते विचारण्याचा आदेशच आहे. लिनक्स या कार्यप्रणालीचा ड्रायव्हर तो वापरतो आणि तेवढेच ब्लॉक पूर्ण झाल्याचं वर, म्हणजे लिहायला सांगणाऱ्याला, कळवतो.

पण वर ऐकणाराही सावध हवा. लिनक्स माहिती आधी रॅममध्ये ठेवतं आणि ‘झालं’ म्हणतं; कार्डावर ती नंतर जाते. ती खरंच गेली का, हे प्रोग्रॅम ‘एफसिंक’ करून विचारतो. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मंडळींच्या लक्षात आलं, की पहिलं एफसिंक फसल्यावर दुसरं खुशाल यशस्वी होतं, माहिती मात्र हरवलेली असते! २०१९ पासून पोस्टग्रेस अशा वेळी स्वतःहून बंद पडतो आणि आपल्या नोंदवहीवरून सावरतो. खोट्या ‘झालं’पेक्षा हे थांबणं बरं.

तेव्हा श्रोतेहो, कार्ड ‘सुरक्षितपणे काढा’ हा पर्याय वापरूनच काढा. आणि लिहिताना चूक आल्याची सूचना एकदा जरी दिसली, तरी आधी फोटो दुसरीकडे उतरवून घ्या. कार्डाला दुसरी संधी द्यायची की नाही, ते मग ठरवा.