ऑक्सफर्डची तहकूब सभा

इंग्लंडात १६४२ साली राजा पहिला चार्ल्स आणि लंडनचे पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली, त्याच्या आदल्याच वर्षी, सभासदांच्या संमतीवाचून ते पार्लमेंट बरखास्त करण्याचा राजाचा अधिकार कायद्यानेच संपुष्टात आला होता. सबब, राजाने स्वपक्षाच्या सभासदांना फर्मान काढून आपली युद्धकालीन राजधानी जे ऑक्सफर्ड, तेथे पाचारण केले. आणि २२ जानेवारी १६४४ रोजी क्राइस्ट चर्च महाविद्यालयाच्या भोजनगृहात ही प्रतिस्पर्धी सभा भरली. तिने युद्धखर्चासाठी कर्ज व अबकारी कर मंजूर केले खरे. परंतु चाळीसहून अधिक उमराव व ११८ लोकप्रतिनिधी यांच्या सह्यांनिशी तहाचा जो खलिता तिने विरुद्ध पक्षाचा सेनापती एसेक्स याजकडे धाडला, त्यात लंडनच्या सभेस पार्लमेंट म्हणून मान्यता नसल्याने तो निष्फळ ठरला.

पुढे मोहिमांचा हंगाम तोंडावर आला असता, १६ एप्रिल रोजी राजाने सभा ऑक्टोबरपर्यंत तहकूब केली. पुनश्च भरल्यावरही तिने तहाचाच आग्रह धरला, तेव्हा मार्च १६४५ मध्ये तिला कायमचाच निरोप मिळाला, आणि राणीस लिहिलेल्या पत्रात राजाने तिची हेटाळणी केली. जूनमधील नेझ्बीच्या पराभवात राजाचे दप्तर शत्रूच्या हाती लागून ते पत्रही छापले गेले. शत्रूची सभा राजाला मोडता आली नाही. मोडली ती त्याच्याच कैवाऱ्यांची.