टाळ हातात घेऊन केलेला अभ्यास



संगीतावर संशोधन करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. घराण्यांचे इतिहास, बंदिशींचे संग्रह, नाट्यसंगीताचे आढावे यांनी कपाटं भरली आहेत. मला आज बोलायचंय ते ज्यांचं गाणं-वाजवणं हीच शोधाची रीत होती, त्यांच्याबद्दल.

डॉ. प्रभा अत्रे घ्या. तालीम सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकरांची, म्हणजे अस्सल किराणा घराण्याची. ख्यालात त्या सरगम मोकळेपणानं गात. ‘ख्याल ऐकायला आलो, सा-रे-ग-म कसलं ऐकवता?’ असं नाक मुरडणारे जाणकार होतेच. अत्रेबाईंनी डॉक्टरेटला विषय घेतला तोच, सरगम. आता यातली गंमत बघा. मींडेत आवाज गंधारावरून षड्जाकडे घसरतो, तेव्हा तोंडातलं नाव नेमकं कधी बदलायचं? लवकर बदललं तर मींड तुटते, उशिरा बदललं तर नाव एक आणि स्वर दुसराच. हा प्रश्नसुद्धा गाणाऱ्यालाच पडतो. वाचणाऱ्याच्या तो वाटेलाही जात नाही.

अशोक दा. रानडे १९६८ पासून मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे संचालक होते. गजाननबुवा जोशी, बी. आर. देवधर यांच्याकडे शिकलेले गायक. ‘बैठकीची लावणी’, ‘देवगाणी’ हे त्यांचे कार्यक्रम लोकांनी करमणूक म्हणून ऐकले, आणि त्यात गैर काहीच नाही. माझ्या लेखी मात्र ते प्रबंधच होते. एका गीतप्रकाराची रूपं शेजारी शेजारी गाऊन दाखवली की त्यांतला फरक कानच सांगतो.

आता आपल्या दारात, देहू-आळंदीच्या परिसरात येऊ. तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते. पलीकडे आळंदीत जोगमहाराजांची वारकरी शिक्षण संस्था १९१७ पासून चालू आहे. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत पाळी संपवून भजनाला बसणारे तुमच्यात कितीतरी असतील. त्यांना एक साधा हिशेब सांगतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. टाळकऱ्यांची रांग ३४ मीटर लांब असेल, तर एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला सेकंदाच्या दहाव्या भागानं उशिरा पोचतो. लय चढली, सेकंदाला चार ठोके पडायला लागले, की दोन ठोक्यांमधलं अंतर पाव सेकंदाचं उरतं. म्हणजे शेवटचा टाळकरी नुसत्या कानावर विसंबला तर जवळजवळ अर्धं अंतर मागे पडेल. तरी दिंडी फुटत नाही. का?

मला वाटतं, एक तर टाळकरी कानापेक्षा डोळ्यानं वाजवतो. समोरच्याचा हात आणि पाऊल बघतो. दुसरं, पखवाज मध्ये असला की हा उशीर निम्म्यावर येतो. पखवाजी मध्ये राहण्याचं कारण हेच, असा माझा दावा नाही. पण पडताळून बघता येईल. पखवाज एका टोकाला न्या आणि वाजवा. मग मध्ये आणा. मग टाळकऱ्यांना पाठमोरे उभे करा. प्रत्येक वेळी दोन्ही टोकांना ध्वनिमुद्रण करा. यंत्र उशीर मोजेल. पण रांग सावरली ती कुणाचा हात बघून, हे ज्याच्या हातात टाळ होते तोच सांगेल.

अशा शोधाबद्दल विद्यापीठाची तक्रार ठरलेली आहे: वादन हे वादन, संशोधन कुठाय? तक्रार अगदीच चूक नाही. नुसतं सुरेख वाजवणं म्हणजे संशोधन नव्हे. प्रश्न काय होता, काय बदललं, काय फसलं, हे दुसऱ्याला तपासता येईल असं मांडावंच लागतं. मैफल रंगली म्हणून पदवी मागणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. पण उलट बाजूनं, ध्वनिमुद्रण परिशिष्टात टाकायचं आणि परीक्षकानं ते न ऐकताच सही करायची, हेही चालणार नाही. असल्या प्रबंधाला एक परीक्षक पखवाजी हवा, त्याच्याकडे पदवी असो वा नसो. आणि तोंडी परीक्षा आळंदीत ठेवावी, टाळकऱ्यांसमोर. प्रश्न विचारायचा हक्क त्यांनाही द्यावा.