खेळाडूंमधील लोहन्यूनता : रक्ततपासणीचे वाचन

खेळाडूच्या शरीरातले लोह कमी होऊ लागते तेव्हा सर्वांत आधी उतरतो तो साठा, आणि सर्वांत शेवटी उतरते ते हिमोग्लोबिन. मात्र शाळांत, क्रीडा प्रबोधिनींत आणि निवड-शिबिरांत तपासले जाते ते बहुधा एकटे हिमोग्लोबिनच. आकडा बारा-तेराच्या घरात दिसला की मुलीला ‘रक्त चांगले आहे’ असे सांगून परत धावायला पाठवले जाते. तिचे पाय जड का पडतात, तीन महिने घाम गाळूनही पाच हजार मीटरची वेळ जागची का हलत नाही, या प्रश्नांचे उत्तर त्या आकड्यात नसते. ते अहवालाच्या इतर ओळींत असते, आणि पुष्कळदा त्या तपासण्या मागवलेल्याच नसतात.

प्रौढ शरीरात एकूण तीन ते चार ग्रॅम लोह असते. त्यातले सुमारे दोन-तृतीयांश तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेले असते. थोडे स्नायूंतल्या मायोग्लोबिनमध्ये आणि पेशींत ऊर्जा निर्माण करणाऱ्या विकरांत असते. उरलेले यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत फेरिटिन या प्रथिनात साठवलेले असते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातले लोह वाया न जाता पुन्हा नव्या पेशींकडे जाते, आणि अशी रोजची फेरवापराची उलाढाल २० ते २५ मिलिग्रॅमची असते. अन्नातून मात्र दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅमच लोह रक्तात शिरते. म्हणून गळती थोडी वाढली तरी ती भरून काढायला महिने लागतात.

खेळाडूची गळती अनेक वाटांनी होते. लांबच्या पायपिटीनंतर एका सैनिकाची लघवी गडद रंगाची झाल्याची नोंद जर्मन वैद्य फ्लायशर यांनी १८८१ साली केली. तळपायावर वारंवार बसणाऱ्या आघातांनी तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांतल्या तांबड्या पेशी फुटतात, हे त्यामागचे कारण होते. मुक्त झालेले हिमोग्लोबिन पकडणारे हॅप्टोग्लोबिन हे प्रथिन धावण्याच्या सरावानंतर खाली जाते, आणि तेवढाच वेळ सायकल चालवल्यावर ते तितके खाली जात नाही. यावरून आघाताचा वाटा स्पष्ट होतो. लांब पल्ल्याच्या शर्यतीत आतड्याकडचा रक्तपुरवठा घटून तिथे सूक्ष्म रक्तस्राव होतो, आणि शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घेण्याची सवय असेल तर तो वाढतो. घामातून जाणारे लोह त्या मानाने किरकोळ. मासिक पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते, म्हणजे १५ ते २० मिलिग्रॅम लोह. पाळी जास्त जात असेल तर हा आकडा दुप्पट होतो. तरीही मुलींच्या शिबिरांत पाळीविषयीचा प्रश्न संकोचापोटी विचारलाच जात नाही. तपासणीच्या अर्जावर तो पहिल्या पाच प्रश्नांत असायला हवा.

गेल्या पंचवीस वर्षांत या चित्रात हेप्सिडिनची भर पडली. यकृतात तयार होणारे हे संप्रेरक आतड्यातून रक्तात उघडणारी लोहाची वाट बंद करते, आणि साठ्यातून लोह बाहेर पडणेही रोखते. कठोर व्यायामात स्नायूंतून इंटरल्युकिन-६ हा दाहकारक संदेश सुटतो आणि त्यामुळे व्यायामानंतर तीन ते सहा तासांत हेप्सिडिन वाढते. दिवसातून दोनदा सराव करणाऱ्या खेळाडूच्या शरीरात ही वाट बराच काळ अरुंदच राहते. ‘ताटात भरपूर पालेभाजी आहे, मग लोह का कमी’ या पालकांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे आहे. उरलेले निम्मे म्हणजे ज्वारी-बाजरी, डाळी आणि भाज्यांतले वनस्पतिजन्य लोह मुळातच कमी शोषले जाते, आणि जेवणालगतच्या चहाने ते आणखी घटते. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी रोज १९ आणि स्त्रीसाठी २९ मिलिग्रॅम लोह सांगितले आहे. शोषण कमी, म्हणून मागणी मोठी. त्यात वजन उतरवण्यासाठी जेवण तोडणाऱ्या कुस्तीगीर मुली आणि धावपटू यांचे एकूण खाणेच अपुरे असते, त्यामुळे लोहाचाही तुटवडा पडतो.

लोहन्यूनतेच्या तीन पायऱ्या मानल्या जातात. पहिल्या पायरीवर फक्त साठा उतरतो, म्हणजे फेरिटिन लिटरमागे ३५ मायक्रोग्रॅमच्या खाली जाते. आपल्या लॅबच्या अहवालात नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असे छापलेले असते, पण आकडा तोच राहतो. दुसऱ्या पायरीवर फेरिटिन २० च्या खाली, आणि लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिनची संपृक्तता १६ टक्क्यांच्या खाली. म्हणजे अस्थिमज्जेला होणारा पुरवठाच अपुरा पडतो. तिसऱ्या पायरीवर फेरिटिन १२ च्या खाली जाते आणि हिमोग्लोबिन ११.५ ग्रॅमच्या खाली. हे आकडे क्रीडावैद्यकातले आहेत. जागतिक आरोग्य संघटना रक्तक्षयाची रेषा पुरुषांसाठी १३ आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठी १२ ग्रॅमवर आखते, आणि निरोगी प्रौढांत १५ च्या खालच्या फेरिटिनला लोहन्यूनता म्हणते. ही लोकसंख्येच्या आरोग्यासाठी आखलेली रेषा आहे. तीच रेषा आठवड्याला शंभर किलोमीटर धावणाऱ्या मुलीला लावली की पहिल्या पायरीवरच्या सगळ्या खेळाडू नजरेतून सुटतात.

कणगी रिकामी होत आली तरी घरात काही दिवस भाकरी होतच असते. हिमोग्लोबिनचा आकडा तशी भाकरी दाखवतो, तर फेरिटिन कणगीचा तळ दाखवते.

उदाहरणादाखल एकोणीस वर्षांच्या एका मध्यम पल्ल्याच्या धावपटूचा अहवाल घ्यावा. हिमोग्लोबिन १२.६. तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान, म्हणजे अहवालातला एमसीव्ही, ८१. पेशींच्या आकारातली तफावत सांगणारा आरडीडब्ल्यू १५.२. फेरिटिन १४. संपृक्तता १३ टक्के. पहिल्या दोन ओळींपुढे लॅबने कोणतीही खूण केलेली नसते, आणि फेरिटिनही पुष्कळ अहवालांत छापील मर्यादेच्या आतच बसते, कारण स्त्रियांसाठी खालची मर्यादा बऱ्याचदा १० ते १५ च्या आसपास धरलेली असते. पण आरडीडब्ल्यू वाढला आहे, म्हणजे जुन्या मोठ्या पेशींबरोबर नव्या लहान पेशी रक्तात येऊ लागल्या आहेत. फेरिटिनच्या एका एककामागे साधारण ८ मिलिग्रॅम साठा धरला तर तिच्याजवळ ११२ मिलिग्रॅमच्या आसपास लोह उरले आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिनला ३.४ मिलिग्रॅम लोह लागते. चार लिटर रक्तात हिमोग्लोबिन प्रति डेसिलिटर एका ग्रॅमने वाढवायचे तर सुमारे १३६ मिलिग्रॅम लोह हवे. तिचा सगळा साठा रिता केला तरी तेवढे भरत नाही. अशा मुलीला उंचावरच्या शिबिराला पाठवून काय साधणार? विरळ हवेत शरीर नव्या पेशी घडवायला निघते, पण त्यासाठी लागणारे लोह घरातच नसते. म्हणून डोंगरावर जाण्याआधी सहा-आठ आठवडे फेरिटिन पाहणे हा शिबिराच्या तयारीचाच भाग मानला पाहिजे.

रक्तक्षय नसताना केवळ साठा कमी असल्याने कामगिरीवर परिणाम होतो का, यावर बराच काळ वाद चालला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातला २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे महत्त्वाचा आहे. साठा उतरलेल्या पण हिमोग्लोबिन नीट असलेल्या तरुण स्त्रियांना सहा आठवडे लोह किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली, आणि शेवटचे चार आठवडे सराव करवला गेला. सायकलच्या १५ किलोमीटर चाचणीत लोह घेतलेल्या गटाची वेळ अधिक सुधारली. सराव दोन्ही गटांचा सारखाच होता. पण लोह असलेल्या शरीराने त्या सरावाचे जास्त चीज केले. प्रशिक्षकांसाठी याहून मोलाची गोष्ट या विषयात दुसरी नाही.

आता आकडे फसवतात कसे, ते पाहू. सहनशक्तीच्या सरावाने रक्तद्रव वाढतो. त्यामुळे एकूण तांबड्या पेशी कमी न होताही हिमोग्लोबिनचे प्रमाण उतरलेले दिसते. याला खेळाडूचा रक्तक्षय म्हणण्याची प्रथा पडली, पण तो आजार नसून सरावाला शरीराने दिलेले चांगले उत्तर आहे. अशा वेळी फेरिटिन आणि संपृक्तता नीट असतात. उलट, पाणी कमी प्यालेल्या खेळाडूचे हिमोग्लोबिन खोटेच वर दिसते. फेरिटिन तर दाहातही वाढते. सर्दी-तापात, दुखापतीत किंवा मॅरेथॉनच्या दुसऱ्या दिवशी ते ४० दिसले तरी खरा साठा त्याहून बराच कमी असू शकतो. म्हणून सोबत दाह दाखवणारे सीआरपी मागवावे, आणि शंका उरली तर विद्राव्य ट्रान्सफेरिन ग्राही मोजावा. पेशींची लोहाची भूक वाढली की तो वाढतो आणि दाहाने फारसा हलत नाही. कोवळ्या तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिन मोजण्याची सोय आता मोठ्या लॅबमध्ये आहे. या पेशी रक्तात एक-दोन दिवसच कोवळ्या राहत असल्याने अस्थिमज्जेला मिळणाऱ्या लोहाची ताजी खबर त्यांतून कळते. एकट्या सीरम आयर्नवर मात्र कधीच विसंबू नये, कारण सकाळ-संध्याकाळ आणि जेवणाआधी-नंतर ते फार बदलते.

यासाठी रक्त घेण्याची रीत ठरलेली असावी. सकाळी, उपाशीपोटी, आधीच्या दिवशी कठोर सराव न करता, नीट पाणी प्यालेले असताना, दहा मिनिटे बसवून, शिरेतून रक्त घ्यावे. लोहाची गोळी त्या दिवशी आधी घेऊ नये. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबाने गावागावांची पाहणी होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला तो याच पद्धतीने. पण एका खेळाडूविषयीचा निर्णय त्या थेंबावर घेता येत नाही.

महाराष्ट्रातल्या खेळाडूंच्या बाबतीत आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एमसीव्ही खूप कमी, पण तांबड्या पेशींची संख्या जास्त आणि फेरिटिन नीट असेल तर थॅलेसेमियाचा वाहक असण्याची शक्यता तपासावी. एमसीव्हीला पेशींच्या संख्येने भागून १३ पेक्षा कमी उत्तर आले तर तो इशारा समजावा, आणि हिमोग्लोबिन ए-२ पाहावे. अशा खेळाडूला वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या देत राहणे निरर्थक आहे. दुसरे, विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातून येणाऱ्या मुलांत सिकलसेलची तपासणी झालेली असावी, कारण वाहकालाही उन्हात, पाण्याविना, अतिकठोर सरावात धोका संभवतो. या मुलांना खेळातून वगळण्यासाठी ही तपासणी नाही. त्यांच्या सरावाची गती आणि विश्रांती ठरवण्यासाठी ती करायची. तिसरे, शाकाहारी खेळाडूंत बी-१२ ची कमतरता सर्रास आढळते. लोहाअभावी पेशी लहान होतात आणि बी-१२ अभावी मोठ्या. दोन्ही एकत्र असले की सरासरी आकारमान बरोबर मधोमध येते आणि अहवाल निर्दोष भासतो.

उपचाराची सुरुवात आहारापासून होते. जेवणावर लिंबू, आवळा, पेरू असावा, आणि चहा दीड-दोन तास दूर ठेवावा. गोळीचा निर्णय डॉक्टरांचा. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ साली दाखवले की साठा कमी असलेल्या स्त्रियांत रोजच्यापेक्षा एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतले लोह अधिक प्रमाणात शोषले जाते, कारण पुढच्या गोळीपर्यंत हेप्सिडिन खाली आलेले असते. गोळी सकाळी, सरावानंतर लगेच, हेप्सिडिन चढण्याआधी घेणे फायद्याचे. शिरेतून लोह देणे हा शेवटचा उपाय आहे, आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमानुसार बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून द्यायचा तर, रुग्णालयातले उपचार वगळता, आधी सूट मिळवावी लागते. तपासणीवाचून लोह देणे हा तर सरळ धोकाच आहे, कारण जादा लोह बाहेर टाकण्याची वाट शरीराकडे नाही. पुरुष खेळाडूत लोह कमी आढळले तर गोळी लिहून थांबू नये, पोटातला रक्तस्राव शोधावा.

गोळ्या सुरू केल्यावर हिमोग्लोबिन महिन्याभरात पाहावे आणि फेरिटिन आठ ते बारा आठवड्यांनी. शिरेतून लोह दिल्यावर फेरिटिन काही आठवडे फुगलेले राहते, त्यामुळे ते घाईने मोजण्यात अर्थ नाही. पूर्वी कमतरता नसलेल्या पुरुष खेळाडूची तपासणी वर्षातून एकदा, स्त्री खेळाडूची दोनदा आणि एकदा कमतरता होऊन गेलेल्या कोणाचीही दर तीन महिन्यांनी व्हावी. ती शक्यतो एकाच लॅबमध्ये व्हावी, कारण दोन यंत्रांवरचे फेरिटिन एकमेकांशी जुळेलच असे नाही.